वाचक विचारतात: तिकडची घड्याळं सरकतात तेव्हा

येत्या २५ ऑक्टोबरला युरोपातली आणि १ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातील. भारताचं घड्याळ जागचं हलत नाही, त्यामुळे तिकडे सरकलेला तास इकडे नागपुरात आपल्या जेवणात, झोपेत आणि फोनच्या वेळेत येऊन पडतो. या विषयावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. खालच्या सगळ्या तारखा २०२६ आणि २०२७ या वर्षांच्या आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला, मुलगी लंडनला. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर भेटतो. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये गोंधळ होतो, कोणीतरी एक जण झोपेत असतो किंवा बाहेर गेलेला असतो. हे नेमकं कसं लक्षात ठेवायचं? — एक आई, धरमपेठ

तुमच्याकडे गोंधळ होतो तो दोन देश एकाच रविवारी घड्याळ बदलत नाहीत म्हणून. ब्रिटन आणि युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मार्चमध्ये क्रम उलटा असतो: अमेरिका दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोप शेवटच्या रविवारी.

आत्ता, म्हणजे उन्हाळी वेळेत (मार्चमध्ये तासभर पुढे नेलेलं घड्याळ चालू असताना), न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे आहे आणि लंडन साडेचार तास. नागपूरचे साडेसात म्हणजे मुलाचे सकाळचे १० आणि मुलीचे दुपारचे ३. रविवार, २५ ऑक्टोबरला आपल्या सकाळी साडेसहाला लंडनचं घड्याळ मागे जाईल. त्या संध्याकाळी तुम्ही साडेसातलाच फोन लावलात तर मुलाचे १० वाजलेले असतील, पण मुलीचे २. पुढच्या रविवारी, १ नोव्हेंबरला, आपल्या सकाळी साडेअकराला न्यू जर्सीही मागे जाईल. त्या दिवसापासून लंडन साडेपाच तास आणि न्यू जर्सी साडेदहा तास मागे. मुलांना त्यांच्या १० आणि ३ याच वेळा सोयीच्या असतील, तर १ नोव्हेंबरपासून तुम्ही साडेआठला बसायचं. म्हणजे या हंगामात फक्त २५ ऑक्टोबरचा एकच रविवार जुळणार नाही. मार्चमध्ये असे दोन रविवार येतात. १४ मार्च २०२७ ला अमेरिका पुढे जाईल आणि लंडन २८ मार्चला, त्यामुळे १४ आणि २१ मार्चला काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. २८ पासून तुमचे साडेसात परत.

किती तासांचा फरक हे पाठ करण्यापेक्षा ही वेळ कोणाच्या घड्याळाने ठरली आहे, ते घरात एकदा ठरवा आणि कॅलेंडरवर तसंच लिहा: «मुलाचे सकाळी १०». तिघांपैकी एकाची वेळ पक्की धरली की बाकी दोघांनी फक्त आपली मोजायची. आमचा सल्ला, घड्याळ बदलणाऱ्याची वेळ पक्की धरा. त्याची शाळा, ऑफिस, बस सगळं त्याच्या भिंतीवरच्या घड्याळावर चालतं, तुमचा रविवार संध्याकाळचा तास त्या मानाने सहज हलतो.

तोंडी हिशेबाची एक सोपी रीत आहे. न्यूयॉर्क-न्यू जर्सीसाठी आपली वेळ घ्या, सकाळची संध्याकाळ (किंवा उलट) करा आणि उन्हाळी वेळेत अडीच तास मिळवा, हिवाळी वेळेत दीड तास. संध्याकाळचे ७.३० मग सकाळचे १० होतात किंवा ९. शिकागो-डॅलससाठी उन्हाळ्यात दीड तास मिळवा, हिवाळ्यात अर्धा. कॅलिफोर्नियासाठी मात्र वजा करायचं, उन्हाळ्यात अर्धा तास आणि हिवाळ्यात दीड. आपल्याकडे सकाळ असेल तर तिकडे आदल्या दिवसाची तारीख असते, वाढदिवसाचा फोन लावताना हे विसरू नका. ॲरिझोनात (नवाहो आदिवासींचा प्रदेश सोडून) आणि हवाईत घड्याळ बदलतच नाही. फिनिक्स बारमाही साडेबारा तास मागे असतं.

प्रश्न : मिहानमधल्या कंपनीत मी अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेप्रमाणे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी शिफ्ट करतो. नोव्हेंबरात शिफ्ट तासभर उशिरा सरकते आणि नंतरचा आठवडाभर डोकं जड, पोट बिघडलेलं. काही तयारी करता येते का? — वाचक, मनीषनगर

येते, आणि नोव्हेंबरचा बदल मार्चपेक्षा सोपा आहे, ही पहिली जमेची बाजू. माणसाच्या शरीरातलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं चालतं. म्हणून उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. तुमची शिफ्ट आत्ता नागपूरच्या संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३० आहे, सोमवार, २ नोव्हेंबरपासून ती ७.३० ते ४.३० होईल. झोप तासाभराने पुढे ढकलायची आहे, आणि शरीर त्याच बाजूला आपणहून झुकतं.

२७ ऑक्टोबरपासून झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी पुढे न्या. साडेचारला झोपत असाल तर पावणेपाच, मग पाच, अशी ३० तारखेपर्यंत साडेपाच. उठण्याची वेळही तितकीच सरकवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: झोपायला उशीर करतात आणि घरातल्या आवाजाने जुन्या वेळेलाच उठतात, मग चार दिवसांत अडीच तास झोपेची उधारी साचते. मधल्या शनिवार-रविवारी रात्री झोपून दिवसा जागण्याचा मोह टाळा. निदान पहाटे दोनपर्यंत जागे राहा, म्हणजे सोमवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

शरीराचं घड्याळ लावणारी सगळ्यांत मोठी किल्ली म्हणजे उजेड. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. आत्तापर्यंत साडेचारला झोपून पावणेदोन तास अंधारात मिळत होते, आता साडेपाचला झोपलात तर पाऊण तासात खोली उजळेल. साधे पडदे पुरत नाहीत. जाड काळ्या कापडाचं अस्तर लावा आणि पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा घ्या, कारण उजेड कापडातून कमी आणि कडांमधून जास्त येतो. वरची फट बुजवायला पडद्याच्या नळीवर कापड दुमडून टाकलं तरी चालतं. उठल्यावर मात्र अर्धा तास सरळ बाहेर उजेडात जा. दुपारी एकचं ऊनही नोव्हेंबरात सोसतं, मे महिन्यात ते शक्य नसतं.

चहा-कॉफीचं गणितही तासाने सरकवा. कॅफिनचा अंमल निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचला झोपायचं तर शेवटचा चहा रात्री साडेअकराला. जुन्या सवयीने अडीचला घेतलेला कप सकाळी नऊपर्यंत आत जागा असतो. पोट बिघडण्याचं कारण बहुधा जेवणाचा क्रम: मुख्य जेवण शिफ्टच्या आधी साडेसहाच्या आसपास करा, मध्यरात्री हलकं खा, आणि पहाटे सुटल्यावर तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबू नका. तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की छातीत जळजळतंच.

कॅलिफोर्नियाच्या वेळेवर काम करणाऱ्यांची शिफ्ट १०.३० ते सकाळी ७.३० होईल, म्हणजे घरी जाताना समोर लख्ख ऊन. कॅबमध्ये मागे बसला असाल तर गडद गॉगल लावा, झोप उडणार नाही. स्वतः दुचाकी चालवत असाल तर गॉगलही नको आणि शक्यतो दुचाकीच नको. रात्रभर जागून वर्धा रोडच्या सकाळच्या गर्दीत शिरताना डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात. निघण्याआधी ऑफिसमध्येच वीस मिनिटं डोळे मिटा. मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून सुरू करू नका. चुकीच्या वेळी घेतली तर तीच गोळी शरीराचं घड्याळ उलट्या दिशेला नेते.

रविवारी सपोर्टला असणाऱ्यांनी एक हजेरीची गोष्ट बघावी. १ नोव्हेंबरला ईस्टर्न वेळेनुसार मध्यरात्री १२ ते सकाळी ८ ही शिफ्ट कागदावर आठ तासांची दिसते, पण मधला एक तास दोनदा येत असल्याने प्रत्यक्षात नऊ तास भरतात: आपल्याकडे सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६.३०. हजेरी भारतीय वेळेत नोंदवून घ्या. मार्चमध्ये हीच शिफ्ट सात तासांची होते.

प्रश्न : आमची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे. बदलाच्या आठवड्यात क्लायंटच्या मीटिंगा चुकतात आणि गेल्या हंगामात रात्रीचा एक रिपोर्ट दोनदा गेला. — आयटी पार्क, गायत्रीनगर

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: वेळ कोणत्या गावची, हे नोंदवलेलं नाही.

मीटिंगचं आमंत्रण नागपुरातून भारतीय टाइम झोन ठेवून पाठवलंत, तर आपल्याकडे ती जागेवर राहते आणि क्लायंटकडे तासभर सरकते. क्लायंटची वेळ महत्त्वाची असेल तर आमंत्रण तयार करताना टाइम झोनच्या रकान्यात न्यूयॉर्क निवडा, मग नोव्हेंबरात मीटिंग तुमच्या कॅलेंडरवर आपोआप सरकेल. ईमेलमध्ये «ईएसटी» लिहायची सवय मोडा. ईएसटी (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) ही फक्त हिवाळी वेळ आहे, जुलैत «सकाळी १० ईएसटी» असं लिहिलं तर काटेकोर वाचणारा तासभर उशिरा येईल. नुसतं «ईटी» किंवा सरळ «न्यूयॉर्क वेळ» लिहा.

रिपोर्ट दोनदा गेला असेल तर तो बहुधा सर्व्हरच्या स्थानिक वेळेनुसार रात्री १ ते २ च्या मध्ये लावलेला होता. नोव्हेंबरात अमेरिकेत २ वाजले की घड्याळ पुन्हा १ वर येतं, त्यामुळे १.३० दोनदा वाजतात. मार्चमध्ये २ नंतर थेट ३ होतात, २.३० वाजतच नाहीत आणि त्या वेळेला लावलेलं काम काही प्रणालींत मुकाट्याने गळून पडतं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे कधीच न सरकणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवा. क्लायंटच्या स्थानिक वेळेलाच काम हवं असेल तर रात्री १ ते ३ हा पट्टा टाळून पहाटे ४ नंतर लावा. शिवाय प्रत्येक कामाला त्या तारखेचा शिक्का द्या, म्हणजे ते दुसऱ्यांदा चाललं तरी «आजचं झालं आहे» हे बघून थांबेल.

घडून गेलेल्या गोष्टींची वेळ यूटीसीत साठवणं योग्य. पण पुढच्या अपॉइंटमेंट नुसत्या यूटीसीत ठेवू नका. स्थानिक वेळ आणि «अमेरिका/न्यूयॉर्क» असं झोनचं नाव दोन्ही ठेवा. देश नियम बदलतात: मेक्सिकोच्या बहुतांश भागाने २०२२ मध्ये घड्याळ सरकवणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केलं. यूटीसीत गोठवलेली पुढची वेळ अशा वेळी चुकते. टाइम झोनची माहिती असलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ताजी केली तरी जावा आणि काही भाषांच्या लायब्ररी स्वतःची वेगळी प्रत बाळगतात, कंटेनरच्या जुन्या इमेजमध्येही तीच गोम असते. तीही तपासा. आणि कोडमध्ये कुठे «एक दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद» असं गृहीत धरलंय का ते शोधा. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबरचा दिवस ९०,००० सेकंदांचा असेल आणि १४ मार्चचा ८२,८०० सेकंदांचा. चाचणीसाठी याच दोन तारखा घ्या.

प्रश्न : सासू-सासरे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात डॅलसला दिराकडे जाणार आहेत. सासऱ्यांना बीपी आणि थायरॉईडची गोळी, सासूबाईंना इन्सुलिन. पोचतात न पोचतात तोच घड्याळ बदलणार. औषधांच्या वेळा कशा लावायच्या? — एक सून, प्रतापनगर

घड्याळाचा एक तास ही यातली लहान अडचण आहे. मोठी अडचण प्रवासाची, कारण डॅलस ऑक्टोबरात आपल्या साडेदहा तास मागे असतं. सासऱ्यांनी नागपुरात सकाळी ८ ला गोळी घेतली आणि पुढची डॅलसच्या दुसऱ्या सकाळी ८ ला घेतली, तर मध्ये साडेचौतीस तास जातात. रोज एकदा घ्यायच्या काही गोळ्यांना एवढी खोट चालते, काहींना नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून «सकाळी-संध्याकाळी» असं न लिहून घेता प्रवासाच्या दोन दिवसांसाठी «किती तासांनी» असं लिहून घ्या. चुकलेली गोळी भरून काढायला दुप्पट गोळी कधीही नाही.

सासूबाईंच्या इन्सुलिनचा बेत डॉक्टरांकडूनच करून घ्यायला हवा. विमानातल्या दिवसाची लांबी बदलते, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची मात्रा आणि वेळ दोन्ही विचारा. जेवणाआधीचं इन्सुलिन घड्याळापेक्षा जेवणाबरोबर चालतं, ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण चेक-इन सामानात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

१ नोव्हेंबरला काय? बीपीची रोजची एक गोळी नव्या घड्याळाच्या ८ ला घ्या, तासाभराने बिघडत नाही. थायरॉईडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. ती झोपेतून उठण्याशी बांधलेली आहे, घड्याळ काहीही म्हणो. फिट्सची किंवा पार्किन्सनची औषधं असणाऱ्यांनी मात्र एकदम तास न सरकवता रोज पंधरा मिनिटं सरकवावीत, तेही डॉक्टरांना विचारून. मोबाईलचा गजर आपोआप बदलतो. ग्लुकोमीटरचं घड्याळ बहुधा हाताने बदलावं लागतं. ते राहिलं तर तिकडच्या डॉक्टरांना उपाशीपोटीची नोंद चहानंतरची वाटू शकते.

ज्येष्ठांना नोव्हेंबरात दोन गोष्टी जाणवतील. पहाटे चारलाच जाग येईल, कारण शरीर पाच समजतंय. तेव्हा दिवा न लावता पडून राहा, आणि संध्याकाळी लवकर पेंग आली तरी नऊपर्यंत घरातले दिवे मोठे ठेवा. दुसरं म्हणजे ३१ ऑक्टोबरला साडेसहाच्या पुढे मावळणारा डॅलसचा सूर्य दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच मावळेल. संध्याकाळची फेरी साडेचारला काढा. अनोळखी रस्ते, फुटपाथच्या उतरत्या कडा आणि अंधार हे एकत्र आले की पडायची भीती असते.

तिकीटही पुन्हा एकदा बघून घ्या. विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक २५ ऑक्टोबरपासून लागू होतं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची असते. दुबई-दोह्याची घड्याळं बदलत नाहीत, पण तिथून पुढे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या वेळा बदलू शकतात. परतीचं तिकीट महिनोन्‌महिने आधी काढलं असेल तर मधल्या थांब्यावर किती वेळ उरतो ते निघायच्या आठवड्यात मोजा.

प्रश्न : दोन वर्षांची नात तिकडे आहे. घड्याळ बदललं की ती आठवडाभर रडते, असं लेक सांगते. — आजोबा, सक्करदरा

नोव्हेंबरात बाळ नव्या घड्याळाच्या पाचलाच उठतं, आई-वडिलांना वाटतं बिघडलंय. बदलाच्या चार दिवस आधीपासून जेवण, दुपारची झोप, अंघोळ आणि रात्रीची झोप सगळं रोज पंधरा मिनिटं उशिरा करायला सांगा. फक्त झोप सरकवून भुकेची वेळ तीच ठेवली तर जमत नाही. सकाळी उठल्यावर लगेच पडदे उघडू नयेत.

प्रश्न : लेक न्यू जर्सीत लक्ष्मीपूजन करते. नागपूरच्या पंचांगातली वेळ किती तासांनी बदलून सांगायची? — गृहिणी, महाल

पंचांगातल्या वेळा दोन जातींच्या असतात आणि दोघींना एकच वजाबाकी लावली की चुकतं. तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, कारण तो चंद्र-सूर्यातल्या अंतरावर ठरतो. तो तासांच्या फरकाने बदलायचा. सूर्योदय, सूर्यास्त, प्रदोष, राहुकाळ हे मात्र त्या गावचे असतात. ते कधीच बदलून सांगायचे नाहीत, तिथलेच बघायचे.

या वर्षी आश्विन अमावास्या भारतात ८ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या आसपास लागते आणि ९ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास संपते. अमेरिकेचं घड्याळ १ नोव्हेंबरला बदललेलं असल्याने आता साडेदहा तास वजा करा, साडेनऊ नाही. न्यू जर्सीत अमावास्या ८ च्या पहाटे एकच्या सुमारास लागून ९ च्या पहाटे दोनपर्यंत राहते. म्हणजे ८ तारखेची संध्याकाळ, रविवारची, तिकडेही अमावास्येतच आहे. प्रदोष मात्र तिथल्या सूर्यास्तापासून मोजायचा, आणि त्या दिवशी न्यू जर्सीत सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. तिथून पुढचे साधारण २ तास २४ मिनिटं प्रदोषकाळ. आदल्या आठवड्यापर्यंत पावणेसहाच्या पुढे मावळणारा सूर्य एकदम पावणेपाचवर आलेला असतो, त्यामुळे सातला पूजा मांडायची सवय असेल तर प्रदोष निसटायची वेळ येते. लेकीला पाचलाच तयार राहायला सांगा.

गुढीपाडवा आणि रामनवमीला अमेरिकेत उन्हाळी वेळ असते, म्हणून तेव्हा साडेनऊ तास. तिथी सकाळी लवकर संपत असेल तर तिकडे ती आदल्या संध्याकाळीच संपते आणि सण एक दिवस अलीकडे जाऊ शकतो. समजा नागपुरात तिथी सकाळी ६.५० ला संपली, तर न्यू जर्सीत आदल्या रात्री ९.२० ला. अशा वेळी तिथल्या शहरासाठी काढलेलं पंचांगच वापरावं.

प्रश्न : सोन्या-चांदीच्या वायद्यांच्या वेळा कधी बदलतील? — व्यापारी, इतवारी

लंडनचा सोन्याचा भाव तिथल्या सकाळी १०.३० आणि दुपारी ३ ला ठरतो. आत्ता ते आपल्या ३ आणि ७.३० ला येतात, २५ ऑक्टोबरनंतर ४ आणि ८.३० ला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आत्ता आपल्या संध्याकाळी ७ ला उघडतो, २ नोव्हेंबरपासून ८ ला. अमेरिकेची महत्त्वाची सकाळची आकडेवारी ६ ऐवजी ७ ला येईल. एमसीएक्सवर (आपल्या वायदेबाजारात) सोने-चांदी-कच्च्या तेलाचे व्यवहार अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत रात्री ११.३० ला थांबतात, हिवाळी वेळेत ११.५५ ला. नेमकी तारीख एक्स्चेंजच्या परिपत्रकात बघा. दोन बदलांच्या मधल्या आठवड्यात लंडन सरकलेलं आणि न्यूयॉर्क जागेवर, अशी स्थिती असते. त्या पाच दिवसांत स्टॉपलॉस जुन्या वेळेच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : भारतात ही पद्धत का नाही? विजेची बचत झाली नसती का? — शिक्षक, हिंगणा रोड

भारताने ती वापरलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात देशाचं घड्याळ तासभर पुढे, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होतं. युद्ध संपलं आणि ते परत मागे आलं.

कल्पना विषुववृत्तापासून दूर, उत्तर-दक्षिणेला असलेल्या देशांची आहे. न्यूझीलंडचे कीटक-अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये ती मांडली, इंग्लंडमध्ये विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये तिचा पाठपुरावा केला आणि जर्मनीने १९१६ मध्ये कोळसा वाचवण्यासाठी देशभर लागू केली. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. घड्याळ पुढे केलं नाही तर जूनमध्ये सूर्य पावणेचारला उगवतो आणि लोक झोपलेले असताना तीन तास उजेड वाया जातो. नागपूरचा सगळ्यांत मोठा दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा आणि सगळ्यांत लहान १० तास ५० मिनिटांचा. जूनमध्ये सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, सूर्यास्त सातच्या. इथे वाचवायला तो तास शिल्लकच नाही.

उलट नुकसान होईल. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना घड्याळ तासभर पुढे केलं तर संध्याकाळची तगमग घड्याळाच्या आठपर्यंत लांबेल, आणि कूलर-एसीचा भार दिव्यांच्या बचतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. विदर्भाने याला आधीच स्वतःचं उत्तर शोधलेलं आहे: घड्याळ न हलवता सकाळची शाळा. आमच्या मते उन्हाळ्यासाठी तीच रीत योग्य आहे, कारण ती गरज असेल तिथेच लागू होते, अख्ख्या देशाला हलवत नाही.

आपल्याकडे खरी अडचण पूर्व-पश्चिम अंतराची आहे. १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. नागपूर ७९.१ अंशांवर असल्याने सूर्य आपल्याकडे सरासरी चौदा मिनिटांनी उशिरा डोक्यावर येतो, हे कळतही नाही. आसामात मात्र तो इतका लवकर उगवतो की चहामळ्यांनी घड्याळ तासभर पुढे ठेवणारी «बागान वेळ» कित्येक पिढ्या पाळली आहे. वेगळ्या वेळेची मागणी तिथून होते ती यामुळेच.

प्रश्न : नातवंडांसाठी हॉलमध्ये अमेरिकेच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावलं आहे, ते जुनं ठोक्यांचं आहे. नोव्हेंबरात काटे मागे फिरवले तर चालेल का? — वाचक, रामदासपेठ

मागे फिरवू नका. जुन्या ठोक्यांच्या बऱ्याच घड्याळांत मिनिटकाटा बाराच्या मागे नेला की ठोक्यांचा खटका वाकतो किंवा ठोके आणि तास यांची जुळणी सुटते. सोपी रीत म्हणजे १ नोव्हेंबरला लंबक हाताने थांबवा आणि बरोब्बर एका तासाने पुन्हा झुलवा. सेलवरचं असेल तर तासभर सेल काढून ठेवा. मार्चमध्ये काटा पुढे नेताना प्रत्येक अर्ध्या आणि पूर्ण तासावर थांबून ठोके पुरे होऊ द्या, मगच पुढे सरका. ठोके तरीही चुकले, तर अनेक घड्याळांत तासकाटा आसावर नुसता घट्ट बसवलेला असतो. तो हलक्या हाताने शेवटी वाजलेल्या ठोक्यांच्या आकड्यावर आणायचा आणि मग मिनिटकाट्याने वेळ लावायची. काटा सहज फिरला नाही तर जोर लावू नका, घड्याळजीकडे न्या.